मामाचं हलकं मीठ

"तुमचा पडदा गेलाय."

"पडदा गेला असता तर मशीन बोंबललं असतं, मामा."

"फाटला असता तर बोंबललं असतं. बुजलेला पडदा बोंबलत नाही, मुकाट्यानं बसून राहतो. असले रोज येतात माझ्याकडे. बाहेरून चकचकीत, आतून ठार."

"आजच नवा लावलाय. पाकीट तुमच्यादेखत फोडलं."

"नवा म्हणजे चांगला, हे मला शिकवू नका, मॅडम. नवी कोरी बॅटरी मेलेली निघालेली मी पाहिली आहे."

"ही बॅटरी नाही!"

"तत्त्व एकच. इकडे खारं पाणी, तिकडे खारं पाणी, मध्ये पडदा. बारके आयन पलीकडे जातात, मोठं ते अलीकडे राहतं. सांगा, चूक आहे?"

चूक नव्हतं. डायलिसिसच्या टेक्निशियननं मशीनच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा आकडा बघा. चौदा. मशीन आतलं पाणी क्षणाक्षणाला मोजतंय. बरोबर आहे."

"चौदा म्हणजे काय? पाण्यातून करंट किती जातो, त्याचा आकडा. आयन किती आहेत ते कळलं. कोण आहेत ते कळलं का? सोडियम आहे का पोटॅशियम आहे, हे तुमचा चौदा सांगतो?"

"...नाही सांगत."

"हां!" मामा वळला आणि शेजारच्या खुर्च्यांवरच्या मंडळींकडे त्यानं असं पाहिलं, की आता टाळ्या पडल्याच पाहिजेत. त्यांनी टीव्हीचा आवाज केव्हाच बंद केला होता. एका आजोबांनी नळ्या लावलेला हात तसाच ठेवून दुसरा हात मांडीवर आपटला. तेवढंच.

हे सगळं चाललं होतं माझ्या आईच्या पायाशी. आई डोळे मिटून पडली होती. तिच्या डाव्या हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेल्या होत्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. दोन्ही किडन्यांनी हात वर केले त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास तिचा मुक्काम या खुर्चीत.

भांडणाचं मूळ एका आकड्यात होतं. आईच्या रक्तातलं पोटॅशियम. पूर्वी पाचाच्या आसपास असायचं. तीन आठवड्यांपूर्वी सहाच्या वर गेलं. मागच्या शुक्रवारी साडेसहा. आज सहा पूर्णांक नऊ. सकाळी डॉक्टर हृदयाच्या आलेखाची पट्टी हातात घेऊन आले होते. "आज मशीन हे खाली आणेल," ते म्हणाले. "पण शनिवार-रविवार मशीन नाही. वाढ कुठून होतेय ते कळल्याशिवाय मी यांना घरी सोडणार नाही." आणि मग मला दाराबाहेर घेऊन, हळू आवाजात: "असं हृदय थांबण्याआधी सांगेलच, असं नाही."

मी आत आले ती मामाला हे कसं सांगावं या विचारात. पण मामानं दाराला कान लावलेलाच होता. तो तडक मशीनवर गेला होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गल्लीत त्याला ॲसिडमामा म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं बॅटरीदुरुस्तीचं दुकान. मामा आमच्याकडे राहतो की आम्ही मामाकडे, याचा निकाल माझ्या जन्मापासून लागलेला नाही. दुकानात फळीवर बॅटऱ्यांची रांग, प्रत्येकीच्या अंगावर खडूनं तारीख आणि तक्रार लिहिलेली: 'तिसरा सेल', 'चार्ज धरत नाही', 'नुसती आळशी'. घशाला टोचणारा आंबट वास. आणि मामाच्या हातात कायम ती काचेची पिचकारी. रबरी फुगा दाबायचा, सेलमधलं पाणी वर ओढायचं, आत तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा डोळा बारीक करून वाचायचा. डॉक्टरनं थर्मामीटर वाचावा तसा. पाणी किती जड झालंय त्यावरून बॅटरीत किती जीव उरलाय ते कळतं.

त्याच्या प्रत्येक पँटला भोकं. ॲसिडचा थेंब उडाला की कापड आधी गप्प बसतं आणि धुतल्यावर तिथं भोक पडतं. आई मधल्या खोलीत शिवणाचं मशीन घेऊन बसायची, तिच्याकडे त्या पँटी यायच्या. "आज किती?" "तीनच, ताई." "तीन म्हणजे तुझी सुट्टी होती वाटतं." मग ती आतून ठिगळ लावायची, इतकं बारीक की शोधावं लागायचं.

मधल्या खोलीत बसून तिला दुकानातलं सगळं ऐकू यायचं. त्यातला एक प्रवेश तर आम्हा दोघींना पाठ होता, कारण महिन्यातून चारदा तरी तो व्हायचा.

"काय पाजलंत हिला?" मामा गिऱ्हाइकाला विचारायचा.

"आतलं पाणी कमी झालं होतं, म्हणून थोडं ॲसिड टाकलं."

मामा कपाळावर हात मारायचा. "अहो, उडून जातं ते पाणी! ॲसिड कुठं जातंय? ते आतच बसून राहतं. जे जातं ते भरायचं. जे आत अडकलंय तेच वरून ओतलंत, तर ती मरेल नाही तर काय नाचेल?"

"पण मी तिच्या चांगल्यासाठीच..."

"मारणारे सगळे चांगल्यासाठीच ओततात."

आई आतून कात्री चालवता चालवता ओठ हलवायची. शब्दाला शब्द.

तर आईच्या किडन्या गेल्या तेव्हा घरात सगळ्यात आधी सावरला तो मामा. पहिल्या महिन्यातच त्यानं या टेक्निशियनला गाठून मशीनची खडान्‌खडा माहिती काढली. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये पडदा असतो, हे कळल्यावर तर तो हर्षानं घरी आला. "ताई, तुला सेपरेटर बसवलाय! बॅटरीतल्या दोन प्लेटींमध्ये असतो ना, अगदी तो! प्लेटी एकमेकींना भिडू देत नाही, पण आयनांना वाट देतो." आईच्या हातातली रक्तवाहिनी नळ्यांसाठी जोडून मोठी केलेली होती, तिथं कान लावला की घुंईं असा आवाज यायचा. मामा रोज सकाळी कान लावायचा आणि पावती द्यायचा: "ट्रान्सफॉर्मर चालू आहे."

टेक्निशियनला त्याचं कौतुक होतं. ती त्याला समजावून सांगायची, तो तिला 'पोरी' म्हणायचा. 'मॅडम' हा शब्द आज पहिल्यांदाच निघाला होता.

आणि स्वयंपाकघरही मामानंच ताब्यात घेतलं. आईला उभं राहवत नव्हतं, मी सकाळी आठला कामावर जायची. भिंतीवर यादी लागली. केळी बंद. टोमॅटो बंद. बटाट्याच्या पातळ चकत्या करून दोन तास पाण्यात, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत. "हे बघ," तो मला दाखवायचा, "पोटॅशियम चाललं." जणू ते हात हलवत जाताना त्याला दिसतंय. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं. मामानं ते साफ हद्दपार केलं. दोनदा उकडलेली भाजी, वर मीठ नाही. आई घास तोंडात घोळवत बसायची. "धाकट्या, मला किडनी नाही मारणार. ही भाजी मारेल."

ती खरंच खाईनाशी झाली. कपड्यांचे खांदे ओघळले. मामा ताटाकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग उठून दुकानात जायचा आणि उगाच एखादी बॅटरी इकडची तिकडे ठेवायचा.

मग दीड महिन्यापूर्वी एके दिवशी भाजीला चव आली. आईनं पहिला घास घेतला आणि वर पाहिलं. "मीठ?"

"बसवलंय मी गणित," मामा म्हणाला. "तू खा."

"जरा कडसर लागतंय रे."

"इतके दिवस मिठाचं तोंड पाहिलेलं नाही, जीभ गंजलीय तुझी. येईल जागेवर."

आईनं त्या दिवशी दोनदा भात घेतला. मामानं ताट धुताना शीळ घातली. मीही कसलं गणित ते विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. तिला खाताना बघणं पुरेसं होतं.

नंतर तिचे पाय जड पडायला लागले. जिना चढताना ती मध्येच थांबायची. एकदा मामाच्या पँटीला ठिगळ लावताना सुई तिच्या बोटांतून गळून पडली. उचलली, पुन्हा पडली. "सुई जड झालीय गं," ती म्हणाली आणि हसली. सुई कशी जड होईल? पण त्या दिवसांत घरात कुणालाच कशाचा अर्थ लागत नव्हता. शेजारीण फळं आणते का, गोळी बदलली का, दुधानं होतं का, वयानं होतं का. मला वाटायचं औषध, आईला वाटायचं वय, आणि मामाला वाटायचं मशीन.

"बरं," टेक्निशियन शेवटी म्हणाली. "तुमचा माझ्या पडद्यावर विश्वास नाही. माझा तुमच्या स्वयंपाकघरावर नाही. घरात काकूंच्या पोटात जे जे जातं, ते सगळं इथं आणा. डबे, पुड्या, गोळ्या, सगळं."

"आणतो! होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

आम्ही त्याच्या स्कूटरवरून घरी गेलो. बॅटऱ्या वाहायच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मामानं डबे भरले. प्रत्येकाच्या झाकणावर खडूनं नाव लिहिलं. अक्षर दुकानातल्यासारखंच ठसठशीत. वाटेत तो ओरडून ओरडून बोलत होता, वाऱ्यात निम्मं मला कळत नव्हतं. "...पाण्याचाच घोळ असणार... टाकीत काहीतरी..." मग सिग्नलला थांबल्यावर एकदम हळू: "सापडेल ना गं?"

"सापडेल."

परत आलो तेव्हा आईचा मशीनवरचा तासभर उरला होता. टेक्निशियननं टेबल मोकळं केलं. मामा एकेक डबा काढून ठेवत होता आणि वर्णन करत होता, जत्रेत खेळणी विकावीत तसं. "तांदूळ. चार पाण्यांनी धुतो. बटाटा. दोन तास, वर उकळी. मसाला नाही. लोणचं? घरात नावही घेत नाही. हे तेल. हे मीठ. ही चहाची पूड, दिवसाला अर्धा कप..."

टेक्निशियनचा हात थांबला. "मीठ घालता?"

"बेतानं. हलकं आहे."

"हलकं म्हणजे?"

उत्तराची वाट न बघता ती आईकडे वळली. "काकू, जेवण कसं लागतं हल्ली?"

आईनं डोळे न उघडता सांगितलं, "कडसर. पण माझी जीभ गंजलीय म्हणे."

टेक्निशियननं करंगळीच्या टोकावर चार कण घेतले, जिभेला लावले. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त तिनं डब्याचं झाकण फार सावकाश लावलं. "याची पिशवी कुठाय?"

"पिशवी टाकली. ही काय, कात्रण ठेवलंय." मामानं पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. पिशवीचा कापलेला तुकडा. तो चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागला. "'कमी सोडियम.' बघा! तुम्हीच म्हणालात ना, सोडियम कमी करा? चार दुकानं पालथी घातली."

"त्याच्या खाली वाचा, मामा."

"खाली ते नेहमीचं. सोडियम क्लोराइड इतकं. पोटॅशियम क्लोराइड, शंभरात तीस."

मशीन आपलं टिकटिकत होतं. चौदा.

"तुम्ही हे वाचलं होतं?" तिनं विचारलं.

"वाचलं म्हणजे! न वाचता घालीन मी ताईला? सोडियम काढलं की त्याच्या जागी कुणीतरी यायलाच पाहिजे, क्लोराइड काय एकटं राहतंय? म्हणून गणित बसवलं. भाजीतलं पोटॅशियम मी काढून टाकतो. जागा झाली ना तिथं? तेवढं मिठातून आलं तर आलं. बेरीज शून्य."

"भाजीतून किती काढलंत?"

"दोन तास भिजवतो..."

"किती, मामा?"

"ते... मोजायला साधन कुठाय?"

"आणि घातलंत किती?"

मामानं चिमूट करून दाखवली. मग विचार केला. मग दुसरी चिमूट. मग म्हणाला, "ती खायला लागली होती ना. मग मी... चमचा."

टेक्निशियननं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "ऐका. अंगातल्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. मध्ये पडदा, पडद्याला बारीक दारं. दारं उघडली की सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर निघतं, आणि तेवढ्यात एक ठोका पडतो. मग पेशी ज्याला त्याला पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवते, पुढच्या ठोक्यासाठी. हे सगळं चालतं ते आत आणि बाहेर फरक आहे म्हणून. बाहेरच पोटॅशियम साठत गेलं, तर..."

"व्होल्टेज पडतं," मामा म्हणाला. अगदी हळू.

"हो. स्नायू ढिले पडतात. पाय, बोटं. मग हृदय. तुमची-माझी किडनी जास्तीचं बाहेर टाकते. काकूंची नाही टाकत. आमचं मशीन टाकतं, पण आठवड्यातून तीनदाच. मधल्या दिवसांत जे गेलं पोटात, ते तिथंच."

"पण सोडियम कमी केलं ना मी," मामा म्हणाला.

"केलंत."

"तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग?" तो माझ्याकडे वळला. "मग चुकलं कुठं? सोडियम कमी. केळी नाहीत. टोमॅटो नाही. दोन तास भिजवतो मी." त्यानं बटाट्याचा डबा उचलून माझ्यापुढे धरला, जणू त्यात उत्तर आहे आणि मी जरा नीट बघितलं तर सापडेल. माझ्या डोळ्यांसमोर तो भात होता, दोनदा घेतलेला, आणि ती शीळ.

टेक्निशियन फोनवर डॉक्टरांशी बोलून आली. "कारण सापडलंय, म्हणून घरी सोडायला तयार आहेत ते. मशीन उतरल्यावर पुन्हा रक्त तपासायचं, आलेख काढायचा. तो ठीक आला तर आज घरी, आणि सोमवारी पहिल्या पाळीला यायचं. पण एक आहे." तिनं कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. "घरी जेवण कोण बनवणार, ते लिहून द्यायचंय. ज्यांचं नाव लिहाल त्यांना आहाराच्या बाई आत्ता तासभर शिकवतील. एकच माणूस. दोघांचा घोळ नको. आणि कुणी नसेल तर सोमवारपर्यंत काकू इथंच."

मी पेन घेतलं. माझंच नाव लिहायचं, दुसरं काय.

"थांब," आई म्हणाली. तिनं डोळे उघडले होते. "धाकट्या. इकडे ये."

मामा गेला. बटाट्याचा डबा हातातच.

"गिऱ्हाईक येतं बघ तुझ्याकडे. ॲसिड ओतून आणणारं."

"ताई, ते आत्ता कशाला..."

"तू त्याला काय म्हणतोस?"

मामानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"अरे, रोज म्हणतोस. मला पाठ आहे. जे जातं ते भरायचं. आणि जे आत अडकलंय?"

मामाचं तोंड उघडलं. ओळ त्याला येत होती, ओठांवर दिसत होती. मग ती मध्येच थांबली, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं की आत्ता, या क्षणी, पेशी नाही, दारं नाहीत, व्होल्टेज नाही, फक्त ती काचेची पिचकारी आणि मेलेली बॅटरी घेऊन दारात उभा असलेला माणूस त्याला दिसला. आणि तो माणूस कोण, तेही.

"मी रागावले नाही," आई म्हणाली. "त्या चमच्यानं मी दीड महिना जेवले. ही पोरगी सकाळी आठला जाते, ती काय बनवणार? बनवशील तर तूच. पण आता तुला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि आपल्याला येत नाही असं म्हणून शिकावं लागेल. जमणार असेल तर सांग. मी घरी येते. नाहीतर राहते इथं." तिनं मोकळा हात माझ्यासमोर धरला, आणि मी पेन तिच्या बोटांत दिलं. ते तिला धड धरवत नव्हतं. "लिहू तुझं नाव?"

टेक्निशियन खाली बघत होती. शेजारचे आजोबा मात्र सरळ मामाकडेच बघत होते.

मामानं बटाट्याचा डबा आईच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, "लिही, ताई. मला येत नाही." परत टेबलापाशी आला, मिठाचा डबा उचलला, त्याचं झाकण घट्ट आहे ना ते दोनदा फिरवून पाहिलं. मग तो डबा काखेत मारून तो दोन खुर्च्यांच्या रांगांमधून चालत गेला, काचेचं दार ढकलून आहाराच्या बाईंना शोधायला बाहेर पडला, आणि दार मिटेपर्यंत त्याच्या पाठमोऱ्या पँटीवरची आईनं लावलेली ठिगळं मी शोधत राहिले, एक गुडघ्यामागे, दोन पोटरीवर.